चौथा चरण

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भांडी घासायला जायचे. असल्यावर माझा विश्वास नव्हताच... पण हे कुणाला तरी सांगायला हवं. शिक्षण सातवीपर्यंत, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाव हिंगोलीकडे. लग्नानंतर कोपरखैरण्यात आले. नेरूळला, सारसोळ्याच्या बाजूला, एका रिटायर्ड संस्कृतच्या बाईंकडे स्वयंपाकाला जायचे. एकदा भाजी चिरताना त्यांचा रोजचा श्लोक माझ्या तोंडून निघाला. बाई म्हणाल्या, "गॅस बंद कर. इथे बस."

तेव्हापासून रोज दुपारी संथा. म्हणजे त्यांनी एकदा म्हणायचं, मी दोनदा. लिहायचं नाही, कानानंच शिकायचं. 'मम' म्हणजे माझं, हा पहिला शब्द. मी 'वानी' म्हटलं की थांबवायच्या — "वाणी गं! जीभ वर वळव." मला आधी कुणी असं समोर बसवून शिकवलंच नव्हतं.

मग एकदा म्हणाल्या, "सुरेखा, तुझ्यावर श्लोक केलाय. एक चरण पक्का झाला की पुढचा."

दूरादागत्य कन्या मे
गृहे दीपमदीपयत्

लांबून आलेल्या लेकीनं माझ्या घरात दिवा लावला. मी डोळे पुसले तर म्हणाल्या, "रडतेस काय, चाल बिघडते." तिसरा — गतायां मयि तस्यां तु. अर्थ विचारला. "चौथा येऊ दे, मग कळेल."

चौथा आलाच नाही. बाई हॉस्पिटलात गेल्या त्या परत आल्या नाहीत. श्लोक कुठे लिहिलेला नव्हता. त्यांच्या मुलालाही माहीत नाही. माझ्यासाठी केलेली एकच गोष्ट, तीही अर्धवट...

फ्लॅट विकेपर्यंत झाडलोटीसाठी चावी माझ्याकडेच. परवा दुपारी केर काढून बाईंच्या खुर्चीसमोर बसले. त्यांनी एकदा म्हणण्यापुरती जागा सोडून प्रत्येक चरण दोनदा म्हटला. चौथ्याला गप्प राहिले. मला काहीही ऐकू आलं नाही, हे आधीच सांगते.

उतरताना खालच्या मजल्यावर जुबेदाचाची दारात उभी. बाई आजारी पडायच्या आधीच ती लेकीच्या बाळंतपणाला महाडला गेलेली, सकाळीच परतली होती.

"बाईंचा आवाज आज लय खणखणीत! तब्येत बरी दिसते," ती म्हणाली. "आनि ती शेवटची लाईन नवीन हाय ना? बाई बोलली नि तू गप्प. विसरलीस काय, ठोंबे?"

"कुठली लाईन, चाची?"

"वानी मम वदिष्यति."

मी पायरीवर बसले. "चाची... बाई गेल्या."

ती हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली.

बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावून म्हणून दाखवलं. ती म्हणाली, छंदात चोख आहे. अर्थ असा — मी गेल्यावर माझी वाणी तिच्यातून बोलेल.

चाचीला संस्कृत येत नाही. कसं झालं, मला माहीत नाही, कुणाला कळत असेल तर सांगा.

तो चरण मी जिन्यातच एकदा म्हटला, 'ण' नीट वळवून. दुसऱ्यांदा अजून म्हटलेला नाही. म्हटला की संथा संपते.