साहेबांना विचारून

बॅगवालीच्या माहेरी देवाच्या खालोखाल नाव घेतलं जाई ते साहेबांचं. तिचे आजोबा एका सरकारी कचेरीत शिपाई होते. साहेबांच्या खोलीचं दार उघडायचं आणि लावायचं, हे त्यांचं काम. वडील त्याच कचेरीत कारकून लागले आणि त्याच दारातून कागद घेऊन आत-बाहेर करू लागले. एका पिढीत माणसाने याहून किती पुढे जायचं, असं घरात सगळ्यांचंच मत होतं. घराच्या खिडक्यांना कुठला रंग द्यावा, थोरलीला कुठल्या शाळेत घालावं, सगळ्याला एकच उत्तर असे, 'साहेबांना विचारून सांगतो.' साहेब बदलत गेले, उत्तर तेच राहिलं. खाण तशी माती म्हणतात, ती ही.

थोरली म्हणजेच पुढची बॅगवाली. तिनेही एका कंपनीत बिलं करायची नोकरी धरली आणि ती मरेपर्यंत केली असती. धंदा सुरू करण्याचं धाडस वगैरे तिने काही केलं नाही, उगाच तिला थोर करू नये. कंपनीच बंद पडली. घरी बसल्या बसल्या तिने शेजारणीच्या बॅगेची चेन बदलून दिली, मग शेजारणीच्या नणंदेची, आणि बघता बघता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिलाईची तीन-चार मशीनं, रेक्झिनचे गठ्ठे, फोमचे तुकडे आणि मशीनवर बसणाऱ्या बायका असा संसार उभा राहिला. दुरुस्ती मागे पडली, शाळेची दप्तरं शिवणं सुरू झालं. नवरा कारखान्यात पाळीवर जाई. त्याला विचारलं की तो म्हणे, "तुझं तू बघ." या उत्तराची तिला जेवढी भीती वाटे तेवढी कर्जाचीही वाटत नसे.

पण हात चालत होता. तिची शिवण अशी की पट्टा तुटण्याआधी पोरगं शाळेतून पास होऊन बाहेर पडावं. तेवढ्यावर धंदा चालला. बाकी मालकीण म्हणून तिच्यात काही नव्हतं. शेठ, म्हणजे तिची जवळजवळ सगळी दप्तरं उचलणारा घाऊक व्यापारी, त्याचा फोन आला की ती उभी राही. फोनवर. तिची लेक कॉलेज संपवून शेडमध्येच कटिंगला बसायची, ती म्हणायची, "आई, त्यांना दिसत नाहीये." ही खाली बसे आणि पुन्हा फोन आला की उभी. शेठने बाहेरचा खिसा डावीकडून उजवीकडे न्यायला सांगितला, हिने नेला. आठवड्याने तो पुन्हा डावीकडे हवा झाला, हिने आणला. मशीनवरच्या बायका कुरकुरल्या, तर म्हणाली, "त्यांनी काहीतरी विचार करूनच सांगितलं असेल." शेठने काडीचाही विचार केलेला नसे. तो चहा पिता पिता बोललेला असे.

वडील निवृत्त झाल्यापासून लेकीकडेच असत. शेडच्या दाराशी खुर्ची टाकून तयार दप्तरांचे लोंबणारे दोरे कापत बसत. काम त्यांनी आपणहून घेतलेलं नव्हतं. तिने सांगितलं तेव्हाच हात लावला.

एके दिवशी शेठने बॅगवालीला गोदामावर बोलावून घेतलं. म्हणाला, "ताई, मी स्वतःचा कारखाना टाकतोय. तुमची शेड बंद करा. मशीनं मी घेतो, बायकाही येऊ देत, तुम्ही सगळ्यांच्या वर सुपरवायझर. महिन्याच्या महिन्याला पगार. डोक्याला ताप नाही." माणूस वाईट नव्हता. त्याला दप्तरं हवी होती आणि शिवणारीण हातची जाऊ द्यायची नव्हती, एवढंच.

शेड जाणार हे बॅगवालीला त्या क्षणी कळलं आणि शेड आपल्याला इतकी हवी आहे हेही तेव्हाच कळलं. सकाळी कुलूप काढल्यावर येणारा रेक्झिनचा वास, पहिलं मशीन सुरू झाल्याचा आवाज, हे सगळं तिचं होतं आणि तिला ते सोडायचं नव्हतं. हे सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं ते असं, "शेठ, तुम्हाला काय वाटतं? मी यावं का?"

"यावंच," शेठ म्हणाला. "बरं," ती म्हणाली, आणि घरी आली.

संध्याकाळी बायका गेल्यावर तिने शेडमध्येच दोघांना सांगितलं. वडिलांचा चेहरा उजळला. "पगार म्हणजे पगार," ते म्हणाले. लेकीने कात्री खाली ठेवली.

"तू त्यांना काय सांगितलंस?"

"विचारलं, यावं का म्हणून. ते म्हणाले, यावं."

लेक हसायलाच लागली. "म्हणजे दूध झाकू का, हे तू बोक्याला विचारून आलीस. आणि बोका काय म्हणेल, आई?"

बॅगवालीला राग आला नाही, लाजच वाटली. म्हणून ती वडिलांकडे बघू लागली, ते नातीला गप्प करतील या आशेने. ते दोरे कापायचे थांबले होते.

"तुझा मामा छापखाना काढत होता," ते बॅगवालीला म्हणाले. "मला भागीत घेणार होता. मी पुस्तकं बांधायचो ना घरी, त्याला माझा हात पसंत होता. राजीनामा लिहून खिशात घातला नि गेलो आत. म्हटलं, साहेब, राजीनामा देऊ का? साहेब म्हणाले, कशाला, बसा जागेवर."

"मग?" नातीने विचारलं.

"मग बसलो."

या वेळी लेक हसली नाही. बॅगवालीने वडिलांना आजवर कधी नीट पाहिलंच नव्हतं की काय, असं तिला वाटलं. निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्या जागेवर बसलेला माणूस. मामाचा छापखाना पुढे चांगला चालला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यात यांची भागी होणार होती, हे तिच्या आईलाही माहीत नसावं.

दुसऱ्या दिवशी ती गोदामावर गेली. रस्ताभर वाक्य घोकलं आणि दारात पोचेपर्यंत विसरली. "मी येणार नाही," एवढंच बोलली.

"कुणी भरवलं डोक्यात? मिस्टरांनी?"

"नाही."

"मग माल मी माझ्याच कारखान्यात काढणार ताई. तुमच्याकडून घेणार नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला करता?"

"मी शेड बंद करणार नाही," ती म्हणाली. या वेळी वाक्य पुरं झालं. बाहेर आल्यावर ती गोदामाच्या पायरीवर बसली आणि थोडी रडली. भीती होतीच. पुढच्या हंगामात दप्तरं कुणाला विकायची हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत आहे असं तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

शेडमध्ये परतली तेव्हा मशीनं चालू होती. लेकीने मान वर करून पाहिलं आणि काय ते समजून पुन्हा कटिंगला लागली. वडील खुर्चीतून अर्धे उठले.

"काय म्हणाले ते?"

"ते काय म्हणतात ते विचारलंच नाही, बाबा. मी नाही म्हणून सांगितलं."

वडील परत बसले. हातातल्या दप्तराचा पट्टा त्यांनी उगाच ओढून पाहिला.

"तेव्हा मला कुणी सांगायला हवं होतं," ते म्हणाले, "की विचारू नकोस म्हणून." मग मान हलवली. "नाही गं. सांगितलं असतं, तरी मी साहेबांना विचारायला गेलो असतो, की विचारू नको म्हणतात, तर काय करू."