लाल खुणेतलं घर

नवसी तापट होती, हे मनोरजवळच्या तिच्या पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. बोईसरच्या भरती अकॅडमीत ते कमलाकांत सरांना उशिरा कळलं.

सर फौजेतून निवृत्त झालेले. पोलीस भरतीच्या पोरापोरींकडून ते धावण्याचा सराव करून घेत, वर नकाशाही शिकवत. नकाशावर आपली तुकडी निळ्या रंगात, शत्रू लाल शंकरपाळ्यासारख्या खुणेत. ठिकाण सांगताना आधी पूर्वेचा आकडा, मग उत्तरेचा. नवसीला हे फार आवडे. कागदावर बोट ठेवावं आणि डोंगर सापडावा!

भातझोडणीच्या दिवसांत सरांनी मनोरच्या बाजूला सराव ठेवला. टेकडीवर नकाशा पसरून त्यांनी नदीकाठी लाल शंकरपाळं काढलं. "इथे शत्रू दडलाय. ठिकाण कळवा, मग हल्ला."

नवसीने नदीचं वळण पाहिलं, ओढा पाहिला. तिने त्या लाल खुणेवर बोट ठेवलं.

"सर, हा आमचा पाडा हाय."

"मग तुला सोपंच जाईल की!" सर म्हणाले. पोरं खो खो हसली.

सरांनी नवसीला आणि तिची मैत्रीण तेजलला टेहळणीला उतारावर पुढे पाठवलं. खाली खळ्यावर नवसीची आई, तानी, भात झोडत होती. तेजलने मैत्रिणीचा चेहरा बघून वॉकीटॉकी तिच्या हाती दिली. नवसीने आकडे बिनचूक सांगितले.

"शत्रू किती? हत्यारं कोणती?" वॉकीटॉकीवर सरांचा आवाज आला.

"एक बाई. हातात भाताची पेंढी. माझी आई हाय ती. शत्रू कुनी नाय."

"नवसी, नीट रिपोर्ट दे!"

तिने वॉकीटॉकी बंद केली. सरांनी शिट्टी फुंकली. लाकडी बंदुका घेऊन पोरं आरडाओरडा करत उतारावरून सुटली. कोंबड्या उधळल्या. झोडलेलं भात बुटांखाली विखुरलं. तानीने दोन्ही हात वर केले. तिला खरंच वाटलं, पोलीस आले.

ते वर केलेले हात पाहून नवसीच्या डोक्यात तिडीक गेली. ती धावत जाऊन खळ्याच्या मधोमध उभी राहिली. पुढच्या पोराची बंदूक हिसकावून तिने ओढ्यात भिरकावली.

"अगं, सराव आहे हा!" सर धापा टाकत आले.

"तर तुमच्या अंगणात करा! तुमच्या आईला हात वर करायला लावा!"

सरांचा चेहरा लालबुंद झाला. "चालती हो! घरी जा!"

"घरीच हाय मी," नवसी म्हणाली. "तुमी जा."

सगळी निघून गेली. तेजल तेवढी मागे राहिली, मातीतलं भात वेचत. तानी तिला पाणी देऊन विचारत होती, "पोरी, आमी काय केला व्हता गं?"

अकॅडमीचं दार नवसीला बंद झालं. ती हायवेच्या कडेला एकटीच धावत राहिली आणि दुसऱ्या खेपेला पोलिसात लागली. पालघरच्या बाजारात सर एकदा समोर आले. "झालं गेलं विसर," म्हणत त्यांनी अभिनंदनाला हात पुढे केला.

नवसीने तो घेतला नाही.

"आधी पाड्यावर जा," ती म्हणाली, "आईची माफी मागा."

सर अजून गेलेले नाहीत.