गेटजवळच्या विटा

अमरावतीत कॉलेजची इमारत उभी राहत होती, तेव्हा मी तिथे ओव्हरसियर होतो. ‘इमारतीला सर्व समाजांचा हात लागला पाहिजे,’ हा आमच्या धिप्पाड सेक्रेटरींचा आग्रह. म्हणून नांदगाव खंडेश्वरकडच्या एका भट्टीवाल्याकडून गाडीभर विटा घेतल्या. तो नुकताच बौद्ध झालेला. विटा गेटजवळ रचल्या आणि तिथेच राहिल्या. पाहुणे आले की सेक्रेटरी हात पसरून सांगत, ‘या आमच्या बौद्ध बांधवांच्या विटा!’ भिंतीत घेऊ का, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘अहो, मग त्या दिसणार कशा?’

तो माणूस दर बाजारच्या दिवशी येई. डोक्याचा रुमाल सोडून विटांवरची धूळ झटकी, दोन विटा एकमेकींवर वाजवून पाही आणि माझ्याकडे बघून नुसता हसे.

उद्घाटनाला गर्दी लोटली. मागच्यांना दिसावं म्हणून सेक्रेटरी त्याच विटांवर चढले आणि समतेवर तासभर बोलले. तो माझ्या शेजारी उभा होता. त्याचं भाषणाकडे लक्ष नव्हतं, तो सेक्रेटरींच्या पायांखाली बघत होता.

‘साहेब,’ तो हळूच म्हणाला, ‘एवढा जड माणूस झेलून राहिल्या माह्या इटा. मंग भिंतीले काहून नाई चालल्या?’