पापडांआधी बोलायला हवं होतं

त्या उन्हाळ्यात आमच्या रोह्याजवळच्या वरसे गावातल्या घरात जेवताना मराठीला बंदी होती. मी डॉक्टर व्हायला रशियाला जाणार, हे बाबांनी ठरवून टाकलं होतं. रक्त बघितलं की मला भोवळ येते हे त्यांना ठाऊक होतं. "होते सवय," म्हणायचे. रोह्याच्या शाळेत मराठी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. आता माझ्याबरोबर तेही रशियन शिकत होते, आणि मेलं माझ्यापेक्षा भराभर.

तांब्या रिकामा झाला की "न्येत वदी", पाणी नाय, असं म्हणायचं. नुसतं "वदा", पाणी, म्हटलं तर पाणी मिळायचं नाय. आमटी अळणी लागली तर "बेझ सोली". "मीठ, मिठाशिवाय. आपल्याकडं पण शब्द वळतोच की," बाबा खुशीत सांगायचे. आई म्हणायची, "अवो, जेवू द्या पोरीला." रशियनचा क्लास पेणला होता. वडखळला एसटी ट्राफिकात अडकली की मला बरं वाटायचं.

मला नाय जायचं, हे बाबांना सांगणार होते मी. रोज सांगणार होते. मग एका सकाळी गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर. पेणच्या मावशीनं पोह्याच्या पापडांचं पीठ कुटून आणलेलं. आमच्याकडं पोरगी सासरी निघाली की गल्ली जमून असे पापड लाटते. त्यानंतर लग्न मोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाय. आता माझं सासर म्हणजे रशिया. दुपारपर्यंत अंगणात, खाटेवर, जुन्या साड्यांवर सगळीकडं माझे पापड वाळत पडले.

तेवढ्यात बाबा हातात वही घेऊन आले. "पापडाशिवाय, कसं म्हणशील सांग."

माझी सटकली. "एवढं येतंय तर तुम्हीच जा ना. मला नाय जायचं."

लाटणी थांबली. आई माझ्याकडं बघेना. आता हे ओरडणार म्हणून मी भांडायच्या तयारीत उभी राहिले.

बाबांनी वही मिटली. "माझ्या वेळी मला कोण पाठवणार होतं गो?" एवढंच म्हणाले.

रागावले असते तर मी सुटले असते. ते मिटलेली वही घेऊन तसेच उभे. मी खाली बसले, शेजारच्या काकूंकडून लाटणं मागून घेतलं आणि माझे पापड मीच लाटायला लागले.