गाण्याआधीचा केर

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात राहायला लागून मला पंधरावर वर्षं झाली. तरी कुणी गाव विचारलं की तोंडातून सांगली जिल्हाच निघतो. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर विखुरलेली आहेत. गलाई म्हणजे सोनारांकडची जुनी मोड वितळवायची, हिणकस भाग काढायचा आणि चोख सोनं-चांदी परत द्यायची. मी सातवी अर्धी सोडून चुलत्याच्या मागं निघालो, दोन-तीन राज्यं फिरलो आणि शेवटी इथं, दोन सोनारांच्या मधल्या गाळ्यात, भट्टी मांडून बसलो. बायको-पोरं गावाकडं. वर्षातून दोनदा जाणं होतं, तेही यात्रेला आणि दिवाळीला.

राहतो ते काकाजी आणि काकींच्या घरी, पुढच्या खोलीत भाड्यानं. त्यांचे पूर्वज म्हणे माळव्यातून आले. धानाची शेती आहे. घरात ते पोवारी बोलतात, माझ्याशी झाडीबोली आणि बाजारात हिंदी. पहिल्या वर्षी मला यातलं धड काहीच कळत नव्हतं. मी नुसता मान डोलवायचो आणि काकी म्हणायच्या, "याले विचारलं जेवला का, तरी हो, अन् घर जळून राहिलं म्हटलं तरी हो."

कोरोनात दुकान बंद झालं, गावी जायला गाडी नाही. तेव्हा या बाईनं मला दोन वेळचं जेवायला घातलं. बोलवायची नाही. ताट वाढून माझ्या दारात स्टुलावर ठेवायची आणि निघून जायची, म्हणजे मला नको म्हणायला समोर माणूसच नसायचं. तेव्हापासून या घराचं काही आपल्या हातून व्हावं असं मनात होतं. आणि त्यासोबत ही धास्तीही, की करायला जाऊ आणि बिघडवून ठेवू.

तशी वेळ गेल्या वर्षी आली. काकाजींच्या पुण्याच्या लेकीनं घरी एक म्युझिक प्लेअर पाठवला. मोबाईल नाही, रेडिओ नाही. फक्त गाणी साठवायची आणि वाजवायची, एवढंच काम असलेली काळी जडशी पेटी. पुढं छोटा पडदा, आत डिस्क, शेजारी दोन स्पीकर. काकाजींनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "एवढा मोठा डब्बा, अन् यात भाकरीही ठेवता येत नाही."

डबा पाठवण्यामागं कारण होतं. काकाजींकडं कॅसेटींची एक पत्र्याची ट्रंक होती. जुन्या काळी आसपासच्या गावांतल्या लग्नांमधे बायकांनी म्हटलेली पोवारी गाणी त्यांनी टेप करून ठेवलेली. हळदीची, मांडवाची, वरपक्षाला शिव्या देण्याची. गोंदियाच्या एका दुकानात त्यांनी त्या सगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून आणल्या होत्या. आता तुळशीच्या लग्नानंतर नातीचं, या लेकीच्याच मुलीचं, लग्न गोरेगावातच व्हायचं होतं, आणि मांडवात हीच गाणी वाजवायची असं काकींनी ठरवलं होतं.

पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर सगळ्या फायली एकाच नावाखाली येऊन बसल्या: अननोन आर्टिस्ट. एकेक फाईल म्हणजे कॅसेटची अख्खी बाजू, अर्ध्या-अर्ध्या तासाची. कुठलं गाणं कुठं सुरू होतं काही पत्ता नाही.

लेक फोनवर म्हणाली, "भाऊ, बाबांना हे जमणार नाही. तुमच्या हाताला सफाई आहे. गाणी वेगळी करा, नावं घाला, नीट लावून द्या."

सातवी अर्धी सोडलेल्या माणसाला 'नावं घाला' म्हटलं की घाम फुटतो. पण मी हो म्हणालो. मला हो म्हणायची सवयच आहे.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. भट्टी मंद करून मी मोबाईल घेऊन बसायचो. फायली मोबाईलवर घेतल्या होत्या आणि गाणी तोडायचं एक ॲप होतं; तुकडे झाले की अख्खी फाईल ते पुसून टाकायचं. त्यात आवाजाच्या लाटा दिसतात. वीस बायका एकदम गायला लागल्या की लाट उंच उठते. मधे कुणी बोलत, खोकत असलं की बारीक गवत उगवल्यासारखं दिसतं. पहिली आठ-दहा गाणी मी कान देऊन ऐकली. गाण्याआधी कुणीतरी बाई पुटपुटायची, हसायची, भांडं पडायचं, कुत्रं भुंकायचं. बोलणं पोवारीत आणि भरभर, मला फार कळलं नाही. म्हटलं, हा मळ. मग पुढं ऐकणंच सोडलं. उंच लाट ठेवायची, बारीक गवत कापायचं. हात इतका बसला की एका दुपारी तीन कॅसेटी व्हायला लागल्या.

आणखी एक केलं. एकच गाणं पाच-पाच, सात-सात ठिकाणी होतं. पाच मोडकी वेढणी, म्हणजे साध्या अंगठ्या, आली तर आम्ही पाच वेढणी परत देत नाही, एक चोख तुकडा देतो. तसं प्रत्येक गाण्याचं सगळ्यात स्वच्छ वाजणारं एकेक ठेवलं, बाकीची बाजूला. सत्तर गाणी उरली. नावाच्या जागी गाण्याचा पहिला शब्द घातला, ऱ्हस्व-दीर्घ शेजारच्या सोनाराच्या पोरीला विचारून. गाणारीच्या जागी काय घालावं ते मात्र सुचेना, म्हणून 'बायका' असं लिहिलं. सत्तर वेळा.

मला खरंच अभिमान वाटत होता. रविवारी सकाळी मी डबा लावला. काकाजी खुर्चीत, काकी खाली सुपात तांदूळ निवडत बसलेल्या. बटण दाबलं आणि गाणं पहिल्या अक्षरापासून खणखणीत सुरू झालं. ना खरखर, ना खोकला. एक संपलं की लगेच दुसरं.

तिसऱ्या गाण्याला काकींचा हात सुपात थांबला.

"बाबू, ते कधी येते?"

"कोण काकी?"

"बोलणारी."

मी काकाजींकडं पाहिलं. ते डब्याकडं बघत होते. म्हणाले, "माझी बहीण. टेप तेच धरत होती."

मग जे कळलं ते असं. काकाजींची धाकटी बहीण, काकींची नणंद, केशोरीला दिलेली. मी गोरेगावात येण्याच्या बऱ्याच आधी वारली. टेपरेकॉर्डर काकाजींनी घेतला, पण गावोगावच्या लग्नांत तो घेऊन फिरली ती. स्वतः कधी गायची नाही, आवाज बेसूर आहे म्हणायची. बायका गायला बसल्या की ही बटण दाबायची आणि गाव कुठलं, लग्न कुणाच्या घरी, पुढं कोण सुरू करणार आहे ते सांगायची, आणि जाता जाता कुणाची तरी टिंगल करायची. तिचा एक फोटो भिंतीवर आहे. तिचा आवाज मात्र जगात दुसरीकडं कुठंच नव्हता. मोबाईल घरोघरी यायच्या आधीच ती गेली. काकींना लग्नात गाणी हवी होती ती म्हणूनच. नातीच्या मांडवात आत्या-आजी बोलली पाहिजे.

आणि मी तिला सत्तर वेळा कापलं होतं.

"पेनड्राइव्हवर असेलच ना," काकाजी म्हणाले.

तिथं माझी खरी फजिती झाली. पेनड्राइव्ह मी रिकामा करून दुकानाच्या हिशेबाला वापरायला घेतला होता, काकाजींना विचारूनच. काम झालं म्हटल्यावर ते 'ने' म्हणाले होते. कॅसेटी गोंदियाच्या दुकानदारानं, बुरशी आली आहे म्हणून, परतच दिल्या नव्हत्या.

काकी सूप उचलून आत गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तसाच चपला घालून दुकानात गेलो, रविवार असून.

बसलो, आणि मग मला आमच्या धंद्याची रीत आठवली. गलाईवाला काही म्हणजे काही फेकत नाही. भट्टीची राख, झाडलेली धूळ, हात धुतलेलं पाणी, पाय पुसायचं पोतंसुद्धा. सगळं एका पिंपात साठवतो, कारण त्यात कण असतो आणि तो धुऊन काढणारी माणसं असतात. कापलेलं काही मी पुसलं असेल हे माझ्या हाताला शक्यच नव्हतं. फोन उघडला. 'केर' नावाचं एक फोल्डर होतं. मीच केलेलं. आत तुकडेच तुकडे, ॲपनं आपोआप दिलेल्या नंबरांनी. बाजूला काढलेली गाणीसुद्धा तिथंच.

पहिला तुकडा कानाला लावला. कुत्रं, भांडं, मग बाईचं हसणं. आता कळत होतं कुणाचं ते.

मी पळत घरी गेलो. काकींनी ऐकलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "थांब. याच्या आधी दुसरा लाव." मग तिसरा. मग पदर खोचून त्या उठल्या. "असं नाही जमत. मी बाया बोलावते."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाच जणी आल्या. त्यातल्या तिघी तरी त्या टेपांत गायलेल्या. अडचण ही होती की कुठला तुकडा कुठल्या गाण्याआधीचा, हे नंबरावरून कळत नव्हतं, आणि जिथं नणंदबाई गाव सांगायला विसरल्या तिथं तर काहीच आधार नाही. मी तुकडा वाजवायचो आणि त्या ठरवायच्या.

"हा खोकला कोनाचा?"

"मोठ्या मामीचा. तिले तंबाखूचा होता."

"मग हे सडक अर्जुनीचं लग्न. मामी दुसऱ्या लग्नाले गेलीच नाही, रुसली होती."

"काऊन रुसली?"

"तुह्या सासूनं तिले लाडू दिला नाही म्हणून."

"माही सासू कोनालेच लाडू देत नव्हती, मामीलेच का बा वेगळं दुखलं?"

एका तुकड्यात मागं गिरणीच्या पट्ट्याचा फटफट आवाज होता. सगळ्या एकदम म्हणाल्या, केशोरी. एकात ट्रकांचे हॉर्न, म्हणजे पुन्हा सडक अर्जुनी. मी मळ म्हणून कापलेल्या प्रत्येक आवाजावर गावाचं नाव लिहिलेलं होतं, फक्त मला वाचता येत नव्हतं. बाजूला टाकलेल्या त्याच-त्याच गाण्यांचंही तसंच निघालं. एकच गाणं, पण एका गावात नवरदेवाच्या मामाला शिव्या, दुसऱ्यात न्हाव्याला, तिसऱ्यात खुद्द काकाजींना.

काकाजी दारातून म्हणाले, "तेवढं वगळ रे बाबू."

"मुळीच नाही," काकी म्हणाल्या. "ते दोनदा ठेव."

चार दुपारी चाललं हे. दुकानावर मी 'आत्ता येतो'ची पाटी लावायचो आणि सोनार हसायचे. मधे चहा, मुरमुरे, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी. मी वहीत लिहीत जायचो: गाव, कुणाचं घर, सुरुवात कोणी केली. चुकलं की त्या माझ्या डोक्यावरून वहीत बघून दुरुस्त करायच्या. त्यातली एक तर सहीपुरतीच शाळेत गेलेली, तीही. 'बायका' पुसून प्रत्येक गाण्यापुढं खरं नाव आलं. गाण्यांच्या तोंडाशी बोलणं परत जोडलं. सत्तराची दीडशेवर गेली. घरच्या फोनवर बायको म्हणाली, "आवाज लई खुशीत येतोय, काय भानगड?" मी म्हटलं, बायकांत बसतोय. तिनं फोन ठेवला. पुन्हा लावून सगळं सांगावं लागलं.

शेवटी एक तुकडा उरला. तो कुठंच बसेना. ना कुत्रं, ना गिरणी. नणंदबाई एकटीच, नवा सेल टाकून मशीन तपासत असावी. एक-दोन आकडे मोजते, फुंकर मारते. आणि मग, कुणी ऐकत नाही असं समजून, मांडवाच्या गाण्याच्या दोन ओळी म्हणते. दुसऱ्या ओळीत सूर असा काही घसरतो की तिचं तिलाच हसू फुटतं, आणि बटण खटकन बंद होतं.

आम्ही सगळे काकींकडं बघत राहिलो. मला वाटलं आता रडतील.

"पाहा," काकी म्हणाल्या, "मी म्हनतच होती. बेसूर हाये." आणि त्या हसायला लागल्या. मग सगळ्याच. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा काकाजी उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलत होते ते हसण्यानंच, असं मी धरून चालतो.

"हे गाण्यांत टाकू का बोलण्यांत?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं. डब्यात बोलण्यासाठी वेगळी जागा नाही.

"गाण्यांत," काकी म्हणाल्या. "अन् सर्वात आधी. मांडवात पयले हेच वाजल."

मी गाणारीच्या जागी तिचं नाव टाईप केलं. एक वेलांटी आधी चुकली, काकाजींनी मागून बोट लावून दाखवली. लेकीला फोन करून विचारलं, एवढ्या दोन ओळी चालतील ना मांडवात, लोक हसतील. ती म्हणाली, हसू देत, हसायलाच येतात. तरी लग्नाच्या सकाळपर्यंत मी डबा चार वेळा तपासला, वायर दोनदा बदलली.

मांडवात हळद कालवून झाली तेव्हा काकींनी मला मान हलवून खूण केली. बटण दाबलं. एक, दोन, फुंकर, दोन ओळी, घसरलेला सूर, हसू. केशोरीहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं हातातली वाटी खाली ठेवली, डब्याकडं पाहिलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "आली का वो तू?" आणि तिच्या शेजारणीनं ती दुसरी ओळ नीट सुरात उचलली, तशा एकेक करून सगळ्याच गायला लागल्या. मी डबा बंद केला. त्यांना तो लागत नव्हता.