पूजेबाहेरचा पाना

राधाकिसनच्या हाताला एक वाईट खोड होती. धड चालणारी गाडी त्याला बघवत नसे. माणूस कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारा, पण सुट्टी मिळाली की घरी येऊन मोटारसायकलचं काहीतरी खोलायचाच. खोलायचा झकास. बसवताना एखादा वायसर उरायचा, तो कोनाड्यात ठेवून म्हणायचा, "कंपनीवाले जास्तीचंच घालून देत्यात."

बरं, खोलायला जागा तरी हवी ना! शहरातल्या मस्तगड भागात भाड्याची दीड खोली आणि दारापासून आतपर्यंत एक अरुंद बोळ. गाडी त्या बोळातच उभी. चाकं असली की ती मागंपुढं सरकवून आत-बाहेर करता यायचं. चाकं काढली की घराला बूच बसलंच म्हणून समजा.

या खंडेनवमीला पठ्ठ्यानं एक सोडून दोन्ही चाकं काढली. कारण तसं मोठं होतं. राजूरजवळच्या गावात त्याचे थोरले भाऊ साहेबराव राहतात. तीन वर्षं अबोला धरलेल्या या दादांचा आदल्याच दिवशी फोन आला होता. "दसऱ्याला सोनं घेऊन ये. जेवायलाच ये."

राधाकिसनच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? "येतो दादा. गाडीवरच येतो, माझ्या हातानं सर्विसिंग करून." पलीकडून फोन कट झाला.

आता अबोल्याचं कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी, अशाच खंडेनवमीला, राधाकिसननं दादांच्या गाडीचं मागचं चाक साफ करून दिलं होतं. बसवताना नट नुसता बोटांनी फिरवला, पान्यानं आवळायचा राहिला. साहेबराव कोऱ्या करकरीत धोतरानिशी गावच्या वळणावर नाल्यात गेले. हाड मोडलं नाही, पण पारावरच्या सगळ्यांनी बघितलं. तेव्हापासून भावाभावांत बोलणं बंद.

राधाकिसनच्या बायकोचं, बायनाबाईचं, म्हणणं मात्र निराळं. "नट-बिट काही न्हाई. तुमी पूजेत मांडलेला पाना उचलल्ता, म्हनून झालं ते."

तर यंदा राधाकिसननं सकाळीच काम काढलं. जॅक कुठला आणायचा? मागचं चाक मेन स्टँडनं उचललं जातं. पुढच्यासाठी त्यानं इंजिनाखाली दोन विटा आणि बायनाबाईचा पाटा सारला. चटणी वाटायची राहिली. चाकं घासायला न्हाणीत नेली, अंघोळी राहिल्या. मग ग्रीस आणि झेंडूची फुलं आणायला स्वारी गाडीवरून ढांग टाकून बाजारात गेली.

परत येऊन बघतो तर बायनाबाईनं पूजा मांडलेली. विळा, कात्री, हातोडी, आणि मधोमध त्याचे झाडून सगळे पाने, हळदकुंकू लावून, फुलं वाहून.

"अगं, चाकं बसवायची राह्यलीत."

"मला काय म्हाईत? उद्या सीमोल्लंघन करून आल्याबिगर हत्यार हलायचं न्हाई."

"मंग सीमोल्लंघनाला जाऊ कशावर?"

"पायानं जायचं. देवानं दिलेत की."

शेजारी मागावं, तर त्या दिवशी गल्लीतले सगळे पाने कुंकू लावून बसलेले. शेवटी तो कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे, ख्वाजामियाँकडे गेला. ख्वाजामियाँनी पाना हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा पेटीत ठेवला. "भाभी का फोन आ चुका है, राधाकिसन. आज पाना नई मिलता."

दसऱ्याच्या सकाळी राधाकिसन पांढराशुभ्र पायजमा घालून प्रवासी जीपनं जायला निघाला. दादा पहिलंच विचारणार, गाडी कुठंय? खोलून ठेवलीय म्हणावं, तर तीन वर्षांपूर्वीचं सगळं उकरून निघणार, आणि पुन्हा फोन येईल याची काय खात्री? याच विचारात त्यानं गाडीवर ढांग टाकली, तर पायजमा चेनमध्ये अडकला. एक पाय अलीकडं, एक पलीकडं, असा तो बिनचाकाच्या गाडीवर स्वार झालेला असताना दार उघडलं. दारात साहेबराव उभे.

त्यांनी गाडी बघितली, पाटा बघितला, विटा बघितल्या.

"कुठं निघाला?"

"तुमच्याकडंच, दादा."

पाया पडायला वाकला, तर टाकीवर कपाळ आपटलं. साहेबरावांनी पिशवीतून आधी आपट्याची पानं काढून त्याच्या हातात दिली आणि मग फडक्यात गुंडाळलेला पाना काढला. "तुझ्या गाडीची वाट बघत बसलो अस्तो, तर सोनं वाळून गेलं अस्तं."

आतून बायनाबाई डोक्यावर पदर घेत पुढं आली. "भाऊजी, पूजेतला न्हाई ना?"

"न्हाई बाई. काल सगळं पूजेत मांडलं, पर एवढा एक बाजूला ठेवला. ह्यो फोनवर सर्विसिंग म्हनला, तवाच मी समजलो."

बायनाबाईनं पाना उलटासुलटा करून कुंकवाचा ठिपका शोधला. सापडला नाही, तेव्हा परत दिला.

दादा दारात, राधाकिसन बोळात, अशी दोन्ही चाकं बसली. मागच्या चाकाचा तेवढा नट राहिला. राधाकिसननं पाना पुढं केला. "दादा, ह्यो तुमी आवळा."

साहेबरावांनी हात पाठीमागं बांधले. "तूच आवळ. मागं मी बसनार हाय."

राधाकिसनला क्षणभर नट दिसेना. बाहीनं डोळे पुसून त्यानं तो आवळला, पुन्हा आवळला. राजूरच्या वाटेवर ठिकठिकाणी गाडी थांबवून तो नट तपासत राहिला, आणि साहेबराव दर वेळी खाली उतरले आणि दर वेळी पुन्हा मागं बसले.