कल्याण बंदराच्या इतिहासातून मी गाळलेलं घर

आम्ही कल्याण सोडलं ते नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी. टेम्पोत दोन ट्रंका, एक लोखंडी कपाट, पुढे ड्रायव्हरशेजारी आई. मी अकरा वर्षांचा, मागे कपाटाला धरून उभा. खाडीकाठच्या आमच्या वस्तीतलं कुणी दारात आलं नाही. जायचं होतं ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या मामाच्या खोलीवर. तासाभराचा रस्ता. याला कुणी परदेश म्हणत नाही. पण त्यानंतर आईने बंदरावर पाय ठेवला नाही.

कारण इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. आमचे आजोबा तांडेल, पडावांचे म्होरके. मुंबईहून कौलं, लाकूड भरून पडाव भरतीबरोबर खाडीतून वर यायचे, तेव्हापासून पौर्णिमेचा पहिला नारळ खाडीला सोडायचा मान आमच्या घराचा. आजोबांनंतर तो माझ्या बापाकडे आला. बाप त्या उन्हाळ्यात गेला. आता नारळ मी धरायचा, म्हणून आईने मला नवा सदरा शिवलेला. काका, बापाचे धाकटे भाऊ, म्हणाले, "पोर न्हाना हाय, नारल मी धरीन." आणि आईकडे न बघता, "वैनी, तू घरान ऱ्हा. आजच्या दिसाला तुजा तोंड नको खारीवर."

पुढे मी शिकलो, ड्राफ्ट्समन झालो, शिफ्ट केल्या, लोन काढून कोलशेतला वन बीएचके घेतला. पंचेचाळिशीत असताना कल्याणच्या आमच्या जुन्या वस्तीतल्या वाचनालयाने बंदराच्या इतिहासाची पुस्तिका काढायची ठरवली. मला जुन्या नकाशांची आवड, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. हो म्हणतानाच माझ्या मनात काय होतं, ते मला ठाऊक होतं.

लिहिलं मात्र मन लावून. बंदरावर धाडी घालणाऱ्या फिरंग्यांना दोन पानं, इंग्रजांना तीन, रेल्वे आल्यावर पडाव कसे कमी होत गेले त्याला एक. आजोबांना ओळसुद्धा नाही. वर एक वाक्य टाकलं, की पहिल्या नारळाचा मान पूर्वापार वरच्या आळीतल्या घराचा. ते घर आमच्यानंतर आलेलं, हे दोन म्हाताऱ्यांनी मला बसवून सांगितलं होतं. माझ्या वहीत आहे.

छापलेलं लोकांना खरं वाटतं. पुढच्या पौर्णिमेला वस्तीच्या उत्सव मंडळाने पुस्तिका पुढे केली आणि काकांचा मान काढून घेतला. मी मुद्दाम बघायला गेलेलो. काका गर्दीत मागे उभे, हात रिकामे. मला पाहून म्हणाले, "बरा लिवलास रं. आजाला पन बुरवलास."

"काका, सापडलं ते लिहिलं," मी म्हटलं. त्या दिवशी घरी येऊन दोनदा भात घेतला.

आईने चष्मा लावून पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. मिटून मांडीवर ठेवली. "मग तुझा बा कोण होता?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, काका गेले की दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करीन. काका अजून धडधाकट आहेत. आई गेल्या वर्षी गेली.

बंदरावर राहिलेल्यांनो, आणि ठाणे-डोंबिवलीत पांगलेल्यांनो, ते वाक्य खोटं आहे. मी जाणूनबुजून लिहिलं. वही वाचनालयात देतोय. यंदाचा नारळ माझ्या बापाच्या नावाने सोडा, कुणीही धरा. काकांनी धरू नये असं मला आजही वाटतं, तेही लिहून टाकतो.

मूळ घर कुठलं, असं लोक विचारतात. कोलशेतचे शेजारी चांगले आहेत, इतक्या वर्षांत तिथल्या कुणाचं मी वाईट चिंतलेलं नाही. तेव्हा घर कल्याणच असणार.